कमावणं

रात्री अकराला, पाषाणच्या प्रयोगशाळेत,
प्लेटीतल्या तीनशे चौऱ्याऐंशी खड्ड्यांत मी थेंब सोडते.
खड्डे कसले, मुगाचा दाणा बसेल न बसेल.
गुलाबी पाण्याखाली तळाला चिकटून
कुणा अनोळखी माणसाच्या कातडीच्या पेशी.
फॉर्मवर नाव नाही. दाता क्रमांक सात.
रास्ता पेठेत ऑपरेशनमध्ये कापून उरलेला तुकडा,
जुन्या रुपयाएवढा,
बर्फात बसून रिक्षाने आला.

थेंबांनाही नावं नाहीत, नुसते आकडे.
बारीक रेणू, इतके बारीक
की उंबऱ्यावर न थांबता आत शिरतात
आणि आतल्या एखाद्या कारभाऱ्याचा हात धरून ठेवतात.
मग आपण बघायचं:
पेशी मुरते, अडून बसते, की मरते.

वाढणं वेगळं आणि मुरणं वेगळं, होटकर,
हे रेगे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.
तळाची पेशी नुसती वाढते, एकीच्या दोन, दोहोंच्या चार.
मग कधीतरी ती जमीन सोडते,
वर सरकते, चपटी होते, शेजारणीला घट्ट धरते,
आणि शेवटी स्वतःचं केंद्रकसुद्धा मोडून टाकते,
घरातली भांडी विकून दाराला लोखंड ठोकावं तसं.
पुरती मुरलेली पेशी मेलेली असते.
तिच्या जिवावर आपल्या अंगातलं पाणी अंगात राहतं.
मग ती गळते.
या टेबलावरच्या धुळीत थोडी मीही असते.

आणि ही मुरायला लागावी म्हणून काय वाढवायचं?
कॅल्शियम, म्हणाल्या.
वहीत लिहिताना मला हसू फुटलं.
चुना!
भवानी पेठेमागे आमच्या आज्याचा पहिला खड्डा
चुन्याचाच होता.

चुन्यात केस सुटायचे. मग कोंड्याचं पाणी,
मग बाभळीची साल, हिरडा,
मग कातडं पिशवीसारखं शिवून, सालीच्या पाण्याने भरून
आढ्याला टांगायचा; ते थेंब थेंब गळत राही.
याला आमच्यात कमावणं म्हणतात.
भागोजी होटकर दिवसभर कातडी शिवायचा.
त्याला कोणी शिवायचं नाही.
एकाच शब्दाच्या या दोन टोकांमध्ये
तो सत्तर वर्षं राहिला.

इथे कशालाच वास नाही.
मी हात धुते, स्पिरिट लावते, हातमोजे चढवते,
तरी कुणी जवळून गेलं की
मनगट नाकाशी नेते. सवय.

गेल्या रविवारी आबांना घेऊन आले.
पस्तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर,
अंगठ्याला तिकिटाच्या पंचाचा घट्टा अजून तसाच.
सूक्ष्मदर्शकावर एक डोळा मिटून वाकले,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, जिती हाय?
हो.
जित्या कातड्याचं काम आपल्यात कुणी केलं न्हाई.
आणि निघता निघता, जिन्यात,
साल टाकून बघितलीस का?

बघितलं होतं, न कळत.
दोनशे एक्क्याण्णव. यादी उघडल्यावर समजलं,
हिरड्यात असतं तेच.
मी ते तीनदा चालवलं, तिसऱ्यांदा मॅडमना न सांगता.
काही झालं नाही.
पेशी होत्या तशाच राहिल्या, तरुण, बेफिकीर.

फोनवर आबांना सांगितलं.
किती दिवस ठेवलंस?
पाच.
पाचात कुठं व्हतंय? म्हैना लागायचा म्हैना.

माझ्या पेशी महिनाभर टिकत नाहीत.
तरी वहीत, निष्कर्षाच्या रकान्याखाली,
पेन्सिलीने लिहून ठेवलं:
कालावधी अपुरा असण्याची शक्यता.
सूचना, म. भा. होटकर, निवृत्त.